मेलेल्या गाडीचा भाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी गेली.

सव्वादहाला चढावरच्या दवाखान्याखाली लावली. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली, शिवाय चाकामागे दगड लावला. मी! आणि वरच्या अंगाला जो पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने काहीही लावलं नव्हतं. तो समोर चहा पीत होता.

मी दुसऱ्या मजल्यावर. दातांचे डॉक्टर मी बनवून आणलेली खालची कवळी खिडकीच्या उजेडात धरून रंग बघत होते. आधी घरघर, मग धाडकन. डॉक्टर कवळीवरची नजर न काढता म्हणाले, "गेली कुणाची तरी."

माझीच.

टँकर आणि दवाखान्याची भिंत यांच्या मध्ये माझी पांढरी गाडी घडी घातलेल्या टॉवेलसारखी. मागची सीट स्टिअरिंगला टेकलेली. डिकीत चार पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे होते, त्यांचं पीठ झालं. लोक जमले. पहिलं काम काय, तर फोटो! एकाने तर मला बाजूला व्हायला सांगितलं — "मावशी, फ्रेममधून सरका." टँकरवाला हातातला ग्लास न सोडता म्हणतो, "ब्रेक लावला होता की. तुमचीच गाडी रस्त्यात."

चोराच्या उलट्या बोंबा.

"नशीब तुम्ही आत नव्हता," हे वाक्य आज अकरा जणांनी ऐकवलं. नशीबच आहे. पण उद्या सकाळी सात दवाखान्यांत कवळ्या पोचवायच्या आहेत, त्या काय नशीब पोचवणार?

४ फेब्रुवारी, बुधवार

क्रेनने गाडी गॅरेजमध्ये आणली. मिस्त्री दहा वर्षं तिचं सगळं करतोय. त्याने एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, हात पुसले. "ताई, सांगाडाच वाकलाय. दुरुस्ती करायची तर दुसरी गाडी येईल तेवढ्यात. टोटल लॉस."

टँकरमालकाचा विमा गेल्या वर्षीच संपलेला. "कोर्टात जा," म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, जसं काही कोपऱ्यावरच्या दुकानात जा.

म्हणजे आता माझाच विमा. तो उतरवला भावोजींनी. माझ्या ताईचे यजमान, वीस वर्षं एजंट. फोनवर म्हणाले, "काळजीच सोड. घरचा माणूस कशाला आहे? पॉलिसीवर चार लाख वीस लिहिलंय ना? मिळालेच समज."

ह्यांनी संध्याकाळी वाचनालयातून आल्यावर पॉलिसी पूर्ण वाचली. सतरा पानं. ग्रंथपालाशी लग्न केलं की असं होतं. मग म्हणाले, "चार लाख वीस किंवा बाजारभाव, जे कमी असेल ते, असं लिहिलंय." मी म्हटलं, अहो, अपशकुनी बोलू नका.

७ फेब्रुवारी, शनिवार

विमा कंपनीच्या फोनवर पस्तीस मिनिटं संगीत. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता तो कॉल शेवटी कट झाला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हेअर आला. कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस. पांढरे बूट — गॅरेजमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाचं मी काय समजायचं? हातात टकटक वाजणारं पेन. प्रश्न विचारताना टक, लिहिताना टक. मी त्याचं नाव पेनवाला ठेवलं.

चिरडलेल्या गाडीभोवती फिरून त्याने काय शोधलं? डाव्या दारावरचा जुना ओरखडा! "हा आधीचा?" टक. "सीटकव्हर फाटलेलं." टक. अरे, त्या सीटवर टँकर बसला होता!

"टायर झिजलेत."

"चार महिन्यांपूर्वी चारही नवे टाकलेत. पावती आहे."

"पावती असते हो. टायर कुठंयत?"

दोन टायर टँकरखाली फाटलेले, दोन भिंतीच्या बाजूला पार दबलेले. त्याला दिसले नाहीत, म्हणजे नाहीतच. त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता आणि सतत गोड हसत होता. माझा धंदाच दातांचा. मी सांगते, दाखवायचे आणि खायचे वेगळे असलेले मी आज प्रत्यक्ष पाहिले. त्याच्याशी हात मिळवावा लागला. घरी येऊन साबणाने धुतला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बसने कवळ्या पोचवतेय नऊ दिवस झाले. दोन बस, मग चालत. आज बस उन्हात अडकली. डब्यात मेणावर बसवलेले दात — पेशंटच्या तोंडात घालून बघायचे असतात, पक्के करायच्या आधी. मेण मऊ पडलं. डॉक्टरांनी डबा उघडला तर वरचे पुढचे चार दात एकमेकांच्या अंगावर! जणू भांडण चाललंय. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेली. सत्तरीची बाई. माझ्याकडे बघून कसनुसं हसली, बिनदातांची.

डॉक्टरांनी डबा मिटून माझ्या हातात दिला. मला बाहेर सोडायला आले आणि म्हणाले, "गाडीचं होईपर्यंत मी दुसऱ्या लॅबकडे देतो कामं. राग मानू नका."

राग कसला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचे दात वाकडे गेले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पत्र आलं. दोन लाख पासष्ट!!

चार लाख वीसचे दोन लाख पासष्ट. कारणं खाली बारीक अक्षरात: गाडीची पूर्वस्थिती "साधारणपेक्षा खालची", टायर "झिजलेले", रंग "फिकट". आणि शेवटी एक ओळ — सात दिवसांत सही न केल्यास वाहनाच्या "व्यावसायिक वापराबाबत" चौकशी करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.

दोनदा वाचली. ह्यांना वाचायला दिली. चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे सही कर, नाहीतर एक पैसाही देणार नाही."

"व्यावसायिक म्हणजे काय? मी काय टॅक्सी चालवत होते?"

"कवळ्या नेत होतीस ना."

एका पिशवीत मावतात! भाजीच्या पिशवीत! भाजी नेली असती तर घरगुती, दात नेले तर धंदा?

पण कंपनीला कवळ्यांचं कळलं कुठून? पेनवाल्याला मी एक अक्षर बोलले नव्हते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ताईकडे गेले. भावोजी जेवत होते. विचारलं, कंपनीला कुणी सांगितलं? घास चावत राहिले. बराच वेळ चावला तो घास.

"अगं, सर्व्हेअरने सहज विचारलं. गप्पांत निघालं. मी काय मुद्दाम..."

"फॉर्म कुणी भरला होता भावोजी? 'फक्त घरगुती वापर' कुणी लिहिलं? तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं मी काय करते?"

"हप्ता कमी बसावा म्हणून लिहिलं. तुझ्याच भल्यासाठी! आता माझं ऐक, दोन पासष्ट घे आणि मोकळी हो. मला त्या ऑफिसात रोज जायचंय. तुझ्या एका गाडीसाठी मी तिथे वाईट होऊ?"

ताई मध्ये पडली — "जेवणाच्या ताटावर नको गं." मग मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ह्यांचं टार्गेट पुरं व्हायचंय या महिन्यात. जरा समजून घे." मी समजून घेतलं. बरोबर समजले.

आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तरी ओरडायचं कुणावर! शिसारी आली. 

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सही करणार नाही. तक्रार करतेय, असं कंपनीला लेखी कळवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर पुरावे गोळा केले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसेल.

मिस्त्रीने दहा वर्षांची सगळी बिलं काढून दिली, तेलाचे डाग पडलेली. लेटरहेडवर लिहूनही दिलं की गाडी उत्तम होती. ते लिहायला त्याला दोन तास लागले. तीनदा फाडलं. "ताई, 'उत्तम' बरोबर लिहिलंय ना?" टायर दुकानदाराने पावतीची नक्कल दिली आणि वर टायरवरचे नंबर. मग मी आणि मिस्त्री गाडीखाली टॉर्च घेऊन पालथे पडलो आणि दबलेल्या टायरवर तोच नंबर शोधला. सापडला! त्याचा फोटो. या वयात गॅरेजच्या फरशीवर लोळून मी आनंदाने ओरडले.

ह्यांनी त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या सहा गाड्यांच्या जाहिराती जमवल्या. तीन लाख साठच्या खाली एकही नाही. मग सगळं एका फाईलमध्ये निळ्या दोऱ्याने शिवून अनुक्रमणिका केली. मी म्हटलं, "अहो, पुस्तक छापायचं नाहीये." म्हणाले, "वाचणाऱ्याला पान सापडलं नाही की तो खोटं बोलायला मोकळा होतो."

हा माणूस कधीकधी मला फार आवडतो.

व्यावसायिक वापराचं मात्र मनात कुरतडतंय. खरं तर त्यांचं खोटं नाही. पण पॉलिसीत लिहिलंय, भाड्याने माल किंवा माणसं वाहून नेणे. मी भाडं घेत नाही, माझंच काम नेते. ह्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीय.

५ मार्च, गुरुवार

विमा कंपनीचं ऑफिस. चार तास.

पहिल्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे, दुसरीने तिसऱ्या मजल्याकडे. तिसऱ्या मजल्यावर जेवणाची सुट्टी. ती सुट्टी संपल्यावर साहेब मीटिंगमध्ये. पाण्याच्या मशीनवर चिठ्ठी: 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. पेनवाला समोरून गेला, मला बघितलं आणि फोन कानाला लावला. फोनचा पडदा काळाच होता.

शेवटी तक्रार अधिकारी. एक बाई, पन्नाशीच्या, टेबलावर औषधांच्या गोळ्यांचा डबा. फाईल उघडली. अनुक्रमणिका बघून वर माझ्याकडे बघितलं.

"कुणी केली ही?"

"नवऱ्याने."

"वकील आहेत?"

"ग्रंथपाल."

पान दोन, टायरची पावती. पान तीन, चिरडलेल्या टायरवरचा नंबर. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग पेनवाल्याचा रिपोर्ट ओढला, 'झिजलेले' या शब्दावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "बाई, मी दान मागत नाहीये. दहा वर्षं हप्ता भरलाय. एकदाही काही मागितलं नाही. आता मागतेय तर मलाच चोर ठरवताय. दातांची पिशवी नेली म्हणून!"

"दातांची?"

सांगितलं. त्या हसल्या. हसताना तोंडावर हात घेतला, पण मला दिसलं — डाव्या बाजूची तारेची कवळी, ढिली.  अशा वेळी बोलू नये एवढं मला कळतं.

"दहा दिवसांत कळवते," म्हणाल्या.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले.  तिथल्या रखवालदाराने विचारलं, "मिळाले का?" मी म्हटलं, अजून नाही. म्हणाला, "इथे रडत बाहेर येतात ना, त्यांना मिळत नाही. चिडून येतात त्यांना मिळतात." मी दोन्ही होते.

१७ मार्च, मंगळवार

नवं पत्र! टायर मान्य. स्थिती 'उत्तम' — मिस्त्रीचाच शब्द! व्यावसायिक वापराचा मुद्दा वगळला. तीन लाख साठ!

ह्यांनी कधी नव्हे ते मोठ्याने हाक मारून शेजाऱ्यांना सांगितलं.

मग दुसरं पान वाचलं. दोन पर्याय. पहिला: तीन साठ घ्या, गाडीचा सांगाडा आणि कागदपत्रं कंपनीकडे जमा करा. दुसरा: सांगाडा तुम्हीच ठेवा, पंचावन्न हजार कापून तीन लाख पाच घ्या.

पॉलिसीवर चार वीस आहे ते आहेच. बाजारभावाच्या नावाखाली साठ हजार गिळलेच त्यांनी. तोंडाला पानं पुसायची, पण आता जरा मोठी पानं, एवढंच.

१८ मार्च, बुधवार

भावोजींचा फोन. दीड महिन्यात पहिला. आवाज लोण्यासारखा. "माझ्या ओळखीचा एक शेठ आहे, अपघाताच्या गाड्या घेतो. दुसरा पर्याय घे. सांगाड्याचे तो चांगले देईल. झालं गेलं विसर."

शेठ दुपारी गॅरेजमध्ये आला. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही! एवढासा जुना ओरखडा शोधणारा पेनवाला आठवला आणि हा, सरळ म्हणाला, "एक लाख तीस."

मला वाटलं चुकून म्हणाला.

"कागदांसकट. नोंदणीचं पुस्तक, दुसरी किल्ली, सह्या केलेले फॉर्म. कागद नसतील तर तीस हजार."

एक तीस अधिक तीन पाच. चार लाख पस्तीस! पॉलिसीपेक्षा पंधरा हजार जास्त!

१९ मार्च, गुरुवार

मिस्त्रीने बाजूला घेतलं. "ताई, कागद देऊ नका. पत्र्याचे एवढे पैसे कुणी देत नाही. हा पत्रा घेत नाहीये, नंबर घेतोय."

"नंबर घेऊन काय करणार?"

"तसलीच दुसरी गाडी कुठूनतरी आणायची, चोरीची. तिच्यावर तुमचा नंबर चढवायचा. मग ती कागदावर तुमचीच."

मी विचारलं, "तुला पक्कं ठाऊक आहे?"

"पक्कं कसं असणार? ऐकलंय."

रात्री ह्यांनी तेच दुसऱ्या शब्दांत. "आधी नोंदणी रद्द करून घे. मग वीक." शेठला फोन केला तर म्हणाला, रद्द केली की तीस हजार. नाव मी बदलून घेतो, पंधरा दिवसांत.

मी ह्यांच्यावर खेकसले. सगळ्या जगाने मला लुटायचं आणि मी मात्र नियमाने वागायचं? टँकरवाला नियमाने वागला? पेनवाला? भावोजी? बस, मेण, गेलेला दवाखाना, त्याची भरपाई कोण देणार? एकदा, फक्त एकदा, मला माझं पूर्ण मिळू दे.

ह्यांनी टेबलावरून फाईल ओढली. तिचा दोरा नीट बांधत बसले.

२० मार्च, शुक्रवार

कंपनीला दुसरा पर्याय कळवला. शेठच्या टेबलावर चार सह्या केल्या. एका फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव रिकामं होतं. विचारलं. "नंतर भरतो, मॅडम." बरं म्हटलं. नोटा मोजल्या, दोनदा.

गाडी उचलून नेताना मिस्त्री आत निघून गेला.

२६ मार्च, गुरुवार

कंपनीचे पैसे जमा. तीन पाच. जिंकले!

ताई आली, मिठी मारली. "बघ, शेवटी घरचाच माणूस कामी आला." मी हसले. कसली किळस आली होती मला ह्या माणसांची — आणि आता बसून त्यांच्याबरोबर चहा प्यायले.

९ एप्रिल, गुरुवार

जुनी पण चांगली गाडी घेतली. करडी. मिस्त्रीला दाखवायला नेली. बघून दिली, पैसे घेतले नाहीत, बोलला कमी.

चढावरच्या डॉक्टरांनी पुन्हा काम दिलं. त्या सत्तरीच्या बाईंचीच कवळी मी फिरून केली. घातल्यावर आरशात बघत त्या हळूच "शंभर" म्हणाल्या. आकडे म्हणवूनच बघतात उच्चार. एकशे एक, एकशे दोन... थांबेनात. सगळे हसलो.

शेठला तीनदा फोन केला, नाव बदललं का विचारायला. तीनदा "होतंय मॅडम". आज लागलाच नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

शेठचा फोन बंद. भावोजी म्हणतात, "अगं, असेल बाहेरगावी." उद्या नोंदणी कार्यालयात जाऊन चौकशी करायची.

३ मे, रविवार

अजून जाणं झालं नाही. कामं फार. ह्यांनी आज पुन्हा आठवण केली. जाते म्हटलं.

२२ मे, शुक्रवार

सकाळी दोन पोलीस. फोनमध्ये एक फोटो — पांढरी गाडी, नंबर माझा. परवा सव्वाआठला शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर एका बाईला उडवून थांबली नाही.

मी म्हटलं, ही गाडी असूच शकत नाही. माझी चिरडली फेब्रुवारीत. निळ्या दोऱ्याची फाईल आणली, कंपनीचं पत्र दाखवलं, टोटल लॉस. सांगाडा कागदांसकट शेठला विकला, तेही सांगितलं.

त्यातल्या मोठ्याने सगळं शांतपणे वाचलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, ती गाडी पुन्हा चालू शकत नाही."

"हो ना!"

"मग चालवायचे कागद विकलेत कशाला?"

हे दारात उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

बाई शिक्षिका आहे. अजून शुद्धीवर नाही.